बेअरिंगआधी सील पाहा: हबमधल्या दोन भागांचा इतिहास

लोडरचं किंवा टिपरचं चाक उतरवून हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडला की बहुतेकांची नजर आधी बेअरिंगवर, म्हणजे चाक हलकं फिरवणाऱ्या रोलरच्या कड्यावर, जाते. कप (बेअरिंगचं बाहेरचं कडं) तापून निळा पडलाय का, रोलरला खड्डे पडलेत का, ते बघतात. मी आधी सील, म्हणजे वंगण आत आणि माती बाहेर ठेवणारं कडं, बघतो. चिखलात चालणाऱ्या मशिनचं बेअरिंग थकून जाण्याआधी बऱ्याचदा सीलच हरलेलं असतं. तिथून पाणी आणि माती आत गेली की बेअरिंग किती टिकणार? तरी बेअरिंगला मान आणि सीलला किरकोळ भागाचं नाव, असंच चालत आलंय.

बैलगाडीच्या चाकाला सील नव्हतंच. लाकडी तुंबा, त्यातून गेलेला आस, टोकाला खीळ. गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असे, त्यात एरंडेल आणि काजळी. वंगण बाहेर गळणार आणि धूळ आत जाणार, हे धरूनच चालायचं. कुरकुर सुरू झाली की पुन्हा वंगण द्यायचं. युरोपातल्या घोडागाड्यांची गत फार वेगळी नव्हती. वेल्समधल्या कार्मार्थनच्या फिलिप व्हॉनने १७९४ मध्ये आसाभोवती गोळ्या बसवण्याचं पेटंट घेतलं. कल्पना बरोबर होती, पण एकसारख्या गोल गोळ्या करणार कोण? ते जमायला पुढची नव्वद वर्षं गेली. १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला फ्रिडरिश फिशरने पोलादी गोळ्या एकसारख्या घासणारं यंत्र केलं.

अवजड मशिनच्या दृष्टीने खरं वळण १८९८ चं. सेंट लुईसमध्ये घोडागाड्या बांधणाऱ्या हेन्री टिमकेनने निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. गाडी वळताना चाकावर वरून भार असतोच, शिवाय बाजूनेही रेटा येतो. सरळ रोलर वरचा भार पेलतो, पण तो रेटा त्याला झेपत नाही. निमुळता रोलर दोन्ही घेतो. गॅरेजमध्ये आपण ज्याला कप-कोन म्हणतो ते हेच: कप म्हणजे बाहेरचं कडं, कोन म्हणजे रोलरसकट आतलं कडं. याची आणखी एक सोय म्हणजे एका नटाने ते सैल-घट्ट करता येतं. अर्थात चुकायलाही तीच जागा. हब फिरवत फिरवत नट आवळला नाही तर रोलर जागेवर बसत नाहीत. मग वाटतं की व्यवस्थित घट्ट झालंय, आणि दोन दिवसांत चाक हलायला लागतं.

रेल्वेने हे बेअरिंग उशिरा घेतलं. तोवर डब्यांच्या आसावर मऊ मिश्रधातूचं अस्तर लावलेली पितळी बेअरिंग आणि पेटीत तेलात भिजवलेले सुताचे गुंतवळे असत. तेल संपलं की आस तापायचा आणि सूत पेटायचं. आपल्याकडे त्याला हॉट ॲक्सल म्हणतात. १९३० मध्ये टिमकेन कंपनीने सगळ्या आसांवर रोलर बेअरिंग असलेलं वाफेचं इंजिन बांधून घेतलं आणि ते अमेरिकेतल्या वेगवेगळ्या रेल्वेमार्गांवर चालवून दाखवलं.

बेअरिंग किती टिकेल याचा हिशेब १९४७ मध्ये स्वीडनच्या लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी मांडला. त्यानुसार रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट केला की आयुष्य जवळपास दहाव्या हिश्श्यावर येतं. क्षमतेपेक्षा जास्त भरलेला टिपर रोज पाहणाऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही. पण तो हिशेब स्वच्छ वंगण धरून केलेला आहे. माती आत गेली की आकडे कागदावरच राहतात.

माती बाहेर ठेवण्याचं काम आधी नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) करी, मग चामडं. म्हणूनच आजच्या ऑइल सीलच्या घडणीत एका चामड्याच्या कारखान्याचा मोठा वाटा आहे. जर्मनीतल्या वाइनहाइमच्या फ्रॉइडेनबर्ग या चर्मोद्योगात वॉल्टर झिमर या अभियंत्याने १९३० च्या सुमारास धातूच्या कड्यात बसवलेलं शाफ्टचं (फिरत्या दांड्याचं) सील घडवलं. आजही जर्मन लोक अशा सीलला झिमरिंग म्हणतात. पुढे चामड्याच्या जागी तेलाला दाद न देणारं कृत्रिम रबर आलं. या सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी कड, शाफ्टवर कोरडा घासत नाही. मधे तेलाचा अतिशय पातळ थर असतो, आणि ओठाची तेलाकडची बाजू जास्त उभी असल्याने फिरता शाफ्ट बाहेर येऊ पाहणारं तेल आत ढकलतो. उलटं बसवलेलं सील नवं असूनही गळतं ते यामुळेच.

भारतात १९४६ मध्ये जयपूरला बेअरिंगचा कारखाना उभा राहिला, तर आपल्या चिंचवडला १९६० च्या दशकात. त्याआधी आयात मालावर भिस्त होती. ऊस वाहणाऱ्या टायरगाडीतून बेअरिंग थेट बैलांच्या मागेही आलं. लाकडी तुंब्याची गाडी आणि टायरगाडी दोन्ही ओढलेल्या बैलाला कोणी विचारलं असतं, तर इतिहास त्यानेच नीट सांगितला असता.

ऊसपट्ट्यातल्या एका लोडरचा हब मी उघडला होता. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा बेअरिंग गेलं होतं. आतलं ग्रीस दुधाच्या चहासारखं झालेलं, म्हणजे पाणी शिरलेलं. सील नवं होतं, बाजूही बरोबर होती. मग शाफ्ट पुसून नख फिरवलं, तर ओठ टेकतो तिथेच नख अडकलं. जुन्या सीलांनी वर्षानुवर्षं घासून बारीक खाच पाडली होती, आणि प्रत्येक नवं सील त्याच खाचेवर बसवलं जात होतं. नवा कोन तेलात ११० अंशांच्या आसपास तापवून बसवला, सील तीन मिलिमीटर आत घेतलं, म्हणजे ओठ गुळगुळीत जागेवर आला. तो गळीत हंगाम संपेपर्यंत तो हब पुन्हा उघडावा लागला नाही.