पार्श्वभूमी : ३८वे अक्षवृत्त आणि कोरियाची फाळणी

बातम्यांत उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या सीमेला सर्रास '३८ अक्षांश' म्हटले जाते. आजची सीमा त्या अक्षवृत्तावर नाही, १९५३ पासून नाही. तरीही नाव टिकले, कारण सगळ्या गोष्टीची सुरुवात तिथूनच झाली.

हे अक्षवृत्त सुमारे साडेएकतीस हजार किलोमीटर लांब आहे. कोरियातून पूर्वेला निघाले की ते जपानचे सादो बेट आणि मुख्य बेट ओलांडून पॅसिफिकमध्ये उतरते आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या थोडे उत्तरेला अमेरिकेत शिरते. पुढे अटलांटिक, पोर्तुगाल, स्पेन, सिसिली, अथेन्सचा परिसर, तुर्कस्तान, इराणमधले तब्रीझ, मध्य आशिया, चीन. या सगळ्या प्रवासात कोरियाच्या वाट्याला जेमतेम शंभरावा हिस्सा येतो. रक्त सांडले ते नेमके तेवढ्याच तुकड्यासाठी.

कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. १० ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागतीची तयारी दाखवली, तोवर सोव्हिएत फौजा कोरियाच्या उत्तर टोकाला पोहोचल्या होत्या आणि अमेरिकेचे सैन्य मात्र शेकडो मैल दूर ओकिनावात होते. जपानी सैन्याची शस्त्रे कुठे कोणी ताब्यात घ्यायची, हे तातडीने ठरवायचे होते. त्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना अर्ध्या तासात रेषा सुचवायला सांगण्यात आले. हाताशी नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा होता. राजधानी सेऊल आपल्याकडे राहावी एवढे त्यांनी पाहिले. ३८व्या अक्षवृत्तापासून सेऊल पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला पडते, म्हणून तीच रेषा पक्की झाली. सोव्हिएत संघाने कुरकुर न करता ती मान्य केली, याचे रस्क यांनाही आश्चर्य वाटले. पुढे हेच रस्क अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. कोरियन माणसाला मात्र कोणी काही विचारले नाही.

ही सोय तात्पुरती होती, असे तेव्हा सगळेच म्हणत होते. पण नकाशावरच्या सरळ रेषेला डोंगर दिसत नाही की नदी. या रेषेने १२ नद्या आणि ७५हून अधिक ओढे कापले, १८१ बैलगाडीवाटा तोडल्या, ६ रेल्वेमार्गांचे दोन भाग केले. पश्चिमेकडच्या ओंगजिन द्वीपकल्पाची गत तर विचारूच नका. ते दक्षिणेच्या वाट्याला आले, पण जमिनीने जोडलेले फक्त उत्तरेला. सेऊलहून तिथे जायचे तर समुद्रमार्गानेच. युद्धापूर्वीच्या चकमकींत ओंगजिनचे नाव सतत येते, ते यामुळेच.

१९४८ मध्ये रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र राज्ये उभी राहिली आणि २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या फौजा ती ओलांडून दक्षिणेत घुसल्या. वर्षभरात सेऊलचा ताबा चार वेळा बदलला. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला तो ३८व्या अक्षवृत्तावर नव्हे, तर त्या दिवशी सैन्ये जिथे होती तिथे. त्यामुळे आजची रेषा जुन्या अक्षवृत्ताला तिरकी छेदते. पश्चिमेला ती त्याच्या दक्षिणेला आहे, पूर्वेला उत्तरेला. अक्षवृत्ताच्या दक्षिणेचे केसाँग शहर आणि ओंगजिन उत्तर कोरियाकडे गेले; उत्तरेचे सोक्चो दक्षिण कोरियाला मिळाले. रेषेच्या दोन्ही अंगांना दोन-दोन किलोमीटरचा निर्लष्करी पट्टा आखला गेला. युद्धविरामाचा करार झाला ते पान्मुनजॉमही अक्षवृत्ताच्या किंचित दक्षिणेलाच आहे.

या पट्ट्यात लगेच उतरले ते भारतीय सैनिक. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचे काय करायचे, यावर वाटाघाटी अडल्या होत्या. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, तर कैद्यांचा ताबा असलेल्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीयांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला तयार नव्हते. म्हणून जवानांना इंचॉनजवळ जहाजांवरूनच हेलिकॉप्टरमध्ये बसवून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तिथल्या छावणीला त्यांनी 'हिंदनगर' नाव दिले. १९५४च्या सुरुवातीला काम आटोपून हे दल परतले.