बंदुकीला आधी पाणी, मग तेल

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी मामांचा फोन आला. "अरे, बंदुकीला गंज चढलाय. एवढं तेल पाजलं होतं तिला!"

मामांचं घर इथे ग्वाल्हेरात, लष्करात, दाणाओळीत. (दौलतराव शिंद्यांनी 1810 साली इथे छावणी टाकली आणि त्या छावणीचंच शहर झालं, म्हणून नाव लष्कर. इथल्या मराठी घरांत एखादं तरी जुनं शस्त्र निघतंच.) शेती डबऱ्याकडे, आणि पिकाच्या राखणीसाठी आजोबांपासून चालत आलेली ठासणीची एकनळी बंदूक, रीतसर परवान्याची. फेब्रुवारीत हरभऱ्यात नीलगाई घुसल्या तेव्हा मामांनी छर्रे न घालता नुसत्या दारूचे दोन बार काढले होते. मग रॉकेलची चिंधी फिरवली, वरून कच्च्या घाणीचं सरसूचं तेल चोळलं, चामड्याच्या खोळीत घातली आणि कपाटावर ठेवली. मे महिन्यात मीच ती पाहिली होती. लख्ख होती. आता टोपी (घोडा पडल्यावर ठिणगी देणारी छोटी पुडी) बसते त्या टोकाभोवती तांबडा भुगा, आणि नळीत घातलेली चिंधी बाहेर आली ती चहात बुडवल्यासारखी.

मामांचं निदान तयार होतं: तेल भेसळीचं. मुरैन्याच्या सरसूवर असा आळ घेणं हे आमच्या भागात धाडसाचं काम. पण तेलाचा गुन्हा इथे दुय्यम आहे. खरा आरोपी मीठ, आणि तेलाने ते झाकलं, काढलं नाही.

ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू म्हणजे ढोबळमानाने 75 भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. ती जळाली की धूर होऊन उडून गेली असं आपण समजतो. प्रत्यक्षात तिच्या वजनाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग घन रूपातच उरतो: पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट, थोडं सल्फाइड. शिवाय जुन्या पद्धतीच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असतं. घोडा पडला की ते ऑक्सिजन सोडून देतं आणि मागे राहतं पोटॅशियम क्लोराइड. जुलाब झाल्यावर आपण जे ओआरएस पितो, त्यात हेच क्लोराइड लिटरला दीड ग्रॅम असतं. पोटाला बरं, पोलादाला विष.

आता माझ्या आवडीचा भाग. कंटाळा आला तर पुढचे चार परिच्छेद सोडून पाण्यापाशी भेटा.

प्रत्येक क्षाराची हवेतल्या ओलाव्याची एक ठरलेली पायरी असते. हवेची सापेक्ष आर्द्रता त्या पायरीच्या खाली असेल तर क्षार कोरडा, निरुपद्रवी खडा म्हणून पडून राहतो. पायरी ओलांडली की तो हवेतली वाफ ओढून घेतो आणि स्वतःच त्या पाण्यात विरघळून बसतो. साध्या मिठाची पायरी 75 टक्क्यांच्या आसपास. पावसाळ्यात मीठदाणीतलं मीठ पाझरतं ते याचमुळे. पोटॅशियम क्लोराइडची साधारण 84 टक्के. पोटॅशियम कार्बोनेटची मात्र फक्त 43. आणि दोन-तीन क्षार एकत्र असले की मिश्रणाची पायरी त्यांतल्या सर्वांत खालच्या पायरीच्याही खाली उतरते. म्हणजे मामांच्या नळीतली काजळी ही पाणी शोषणारी एक गिचमिड होती. मार्च ते जून ग्वाल्हेरची हवा इतकी कोरडी की पापड दुपारी घातला तर संध्याकाळी वाळतो. तेव्हा ती गिचमिड गप्प होती. मी मे महिन्यात पाहिलं ते लख्ख पोलाद नव्हतं, झोपलेलं मीठ होतं. आषाढ-श्रावणातल्या पहाटांनी ते जागं केलं.

जागं झाल्यावर काय होतं? त्या सूक्ष्म थेंबाखाली लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूतून थेंबाच्या कडेला जातात आणि तिथे हवेतला ऑक्सिजन त्यांना उचलतो. म्हणजे एवढासा थेंब म्हणजे एक चालू बॅटरीच, आणि ती बॅटरी नळीचंच पोलाद खाते. शुद्ध पाण्यात हे काम रडतखडत चालतं, कारण वीज वाहायला त्यात पुरेसे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, नसतात. क्षार ती सोय करतो. पण क्लोराइड आणखी एक कुरापत काढतो. पोलादावर ऑक्साइडचा जो पातळ, रक्षक पापुद्रा असतो तो क्लोराइड जागोजाग फोडतो. तिथे खळगा पडतो. खळग्यात उतरलेल्या लोहाची पाण्याशी क्रिया होऊन आम्ल तयार होतं, आम्लामुळे आणखी लोह विरघळतं, त्या धनभारित लोहाकडे आणखी क्लोराइड खेचला जातो, आणि खळगा रुंदीपेक्षा खोलीत जास्त वाढतो. यातली सर्वांत दुष्ट गोष्ट ही की क्लोराइड खर्चच होत नाही. तो त्याच खळग्यात बसून राहतो, मुद्दल न मोडता वर्षानुवर्षं व्याज खाणाऱ्या सावकारासारखा.

मग तेल काय करतं? तेलाचे रेणू अध्रुवी, म्हणजे त्यांना विद्युतभाराची टोकं नाहीत, आणि क्षार आयनांचा. तेलात मीठ विरघळत नाही हे कुठलीही गृहिणी सांगेल: लोणच्यावर कितीही तेल ओता, मीठ खालच्या खारातच राहतं. आणि तेलाचा पातळ थर म्हणजे काही काचेची बरणी नव्हे, पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन दोन्ही त्यातून सावकाश झिरपतात. बंदूक झाडल्यावर तेल लावूनही का गंजते, या प्रश्नावर जुन्या काळी बरेच तर्क चालत. बिनधुराच्या दारूतून उरलेलं आम्ल हा त्यांतला लाडका. 1922 मध्ये अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी प्रयोगांनी दाखवलं की खोड टोपीतल्या क्लोरेटपासून उरणाऱ्या क्लोराइडची आहे. पुढच्या काही वर्षांतच क्लोरेटविरहित टोप्या बाजारात आल्या. अमेरिकेत रेमिंग्टनच्या 1927 मध्ये, जर्मनीत सिनॉक्सिड नावाच्या 1928 मध्ये. ब्रिटिश फौजेतले शिपाई मात्र हे रसायनशास्त्र न शिकताही .303 रायफलच्या नळीतून उकळतं पाणी ओतत आले होते.

उकळतं का? इथेही एक गैरसमज आहे, की उकळल्याशिवाय क्षार जात नाही. शंभर मिलिलिटर पाण्यात 20 अंशांना सुमारे 34 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळतं, 100 अंशांना सुमारे 56. नळीत क्षार असतो चिमूटभरही नाही. त्याला कोमट पाणी पुरून उरतं. उकळत्या पाण्याचा खरा उपयोग वेगळा: नळी इतकी तापते की आतलं पाणी मिनिटाभरात आपणहून उडून जातं.

पाणी कुठलं, हे मात्र महत्त्वाचं. आमच्याकडच्या बोअरचं पाणी इतकं जड की गीझरचं कॉइल वर्षात चुन्याने माखतं. तसलं पाणी वाळलं तर स्वतःचेच क्षार सोडून जाईल. म्हणून माझ्या यादीतली पहिली वस्तू बंदुकीच्या दुकानातली नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो त्या क्षार काढलेल्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन.

दुसरी वस्तू गज. सांध्यांचे तीन-चार तुकडे जोडून होणारा गज पिशवीत मावतो, पण सांध्याची कड नळीला ओरखडते. मिळाला तर अखंड गजच घ्यावा. ॲल्युमिनियम मऊ असतं म्हणून सुरक्षित वाटतं, पण त्या मऊपणातच वाळूचे कण रुतून बसतात आणि गजाची कानस होते. पितळेचा किंवा प्लास्टिकचा लेप दिलेला पोलादी गज बरा, तोही दर वेळी पुसून. मागून उघडणारी बंदूक मागूनच साफ करायची. गोळी नळीला शेवटची शिवते ती तोंडाच्या कडेला, आणि ती कड एका बाजूने झिजली तर रायफलचा नेम बिघडतो. ठासणीच्या बंदुकीला मागचं दारच नाही, तिथे हाताने गज मध्यावर धरणं एवढंच आपल्या हातात.

ब्रशचा नियम एकच: नळीपेक्षा मऊ. कांस्याचा किंवा नायलॉनचा. पोलादी तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर यांना घराबाहेर ठेवा. तांब्याचं कवच असलेल्या गोळ्यांच्या रायफलीत नळीला तांबं चिकटतं आणि ते काढायला अमोनियाचं द्रावण मिळतं. तांब्याशी संयोग होऊन ते गर्द निळं होतं, चिंधी निळी आली की तांबं शिल्लक आहे असं समजायचं. गंमत अशी की कांस्यातही तांबंच असतं. कांस्याचा ब्रश अमोनियात बुडवून वापरला तर चिंधी जन्मभर निळीच येणार, आणि आपण नळी घासत राहणार. अमोनियाबरोबर नायलॉनच. बारा बोअरच्या दुनळीला तर ही बाटली लागतच नाही. तिथे शिसं आणि काडतुसातल्या डाटाचं प्लास्टिक चिकटलेलं असतं.

चिंध्यांसाठी जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती धोतर किंवा फ्लॅनेल.

आणि तेल. सरसूच्या तेलातल्या असंतृप्त मेदाम्लांना हवेतला ऑक्सिजन जोडतो आणि महिन्यांनी त्याचा चिकट पापुद्रा होतो. कढईच्या बाहेरच्या बाजूला जमतो तोच. घोडा अडखळतो तो त्यानेच. गंमत म्हणजे जवसाच्या तेलात हा दुर्गुण आणखी जास्त, आणि म्हणूनच लाकडी दस्त्याला ते उत्तम: तिथे आपल्याला वाळून घट्ट होणारा थरच हवा असतो. खोबरेल तेल 24 अंशांखाली थिजतं, आणि ग्वाल्हेरची जानेवारीतली पहाट काय असते ते इथल्यांना सांगायला नको. शिवणयंत्राचं खनिज तेल स्वस्त आणि चांगलं. "नॅनो" आणि "सिरॅमिक" लिहिलेल्या इवल्याशा बाटल्यांना चौपट पैसे द्यायचे असतील तर द्या, पण नळीतलं मीठ त्या बाटलीवरचं लेबल वाचत नाही. पेट्रोल मात्र कुणी वापरू नये, त्यातून नवरात्रात, जेव्हा दोन हातांवर नंदादीप तेवत असतो.

व्हिनेगर, लिंबू, कोला यांनी गंज निघतो हे खरं आहे. पण नळीवरची ती देखणी निळसर-काळी झाक म्हणजेसुद्धा लोहाचं ऑक्साइड, काळं आणि धरून राहणारं. आम्लाला तांबडं आणि काळं यांतला भेद कळत नाही. दोन्ही जातात.

तर गेलो मामांकडे. पहिलं काम तपासणीचं. ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही हे बघून कळत नाही. टोपी काढलेली आहे ना ते पाहिलं, मग गज नळीत सोडला, तोंडाशी बोटाने खूण धरली आणि बाहेरून नळीशेजारी धरून पाहिला. टोक बरोबर मागच्या बुडापर्यंत आलं, म्हणजे रिकामी. दोन बोटं अलीकडे राहिलं असतं तर हात न लावता कारागिराकडे. मामांनी दस्त्यापासून नळी सोडवली, टोपीचं टोक पान्याने काढलं, आणि नळीचं बूड कोमट पाण्याच्या बादलीत धरून ओली चिंधी लावलेला गज पंपासारखा वरखाली केला. पाणी आधी काळं, मग तांबूस. सडक्या अंड्याचा पुसट वास. मामी दारातून म्हणाल्या, "ती बादली परत स्वयंपाकघरात आणू नका." बरोबरच आहे. त्या पाण्यात शिशाचेही कण असू शकतात. चिंध्या वेगळ्या पिशवीत, हात साबणाने, आणि पोरांना लांब.

मी निवृत्त मास्तर, त्यामुळे खिशात सिल्व्हर नायट्रेटची गडद बाटली घेऊनच गेलो होतो. प्रत्येक धुवणाचं थोडं पाणी काचेच्या पेल्यात घ्यायचं, नायट्रिक आम्लाचे दोन थेंब टाकायचे (नाहीतर कार्बोनेटही साका देऊन फसवतो), मग सिल्व्हर नायट्रेट. पहिल्या पेल्यात दह्यासारखा पांढरा साका. दुसऱ्यात दुधाळ. तिसऱ्यात धुरकट. चौथा पेला मामांनी खिडकीशी नेऊन उजेडात बघितला. आरपार. बॅटरीच्याच पाण्याने धुतलं म्हणून ही परीक्षा होऊ शकली. नळाच्या पाण्याने धुतलं असतं तर दहावा पेलाही दुधाळ आला असता. मग एकदा उकळतं पाणी, गरम नळीत कोरडी चिंधी, आणि नंतर शिवणयंत्राचं तेल. टोकाभोवतीचे खळगे राहिले, ते आता जाणार नाहीत. चामड्याची खोळ मी माळ्यावर फेकायला लावली. चामडं ओल धरतं आणि कमावताना मुरलेले क्षारही पुरवतं.

एक प्रश्न मामांनी जाता जाता विचारला, लग्नातल्या बारांचा. वरातीत हवेत बार काढणं आमच्या चंबळच्या बाजूला मर्दुमकी समजतात. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे काढलेल्या अशा बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वर गेलेला छर्रा कुणाच्या तरी अंगणात खाली येतोच, त्याला मुहूर्त कळत नाही.

खंडेनवमीला मी पुन्हा गेलो. पाटावर बंदूक, कोयता, मामांच्या मुलाचा लॅपटॉप. दरवर्षी शस्त्रांवर हळदकुंकू वाहून, ओल्या झेंडूचा हार घालून, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडतात. शस्त्र "शांत" होतं म्हणे. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि क्लोराइडही, म्हणजे आम्ही चार पेले खपवून जे काढलं तेच पुन्हा. मी तोंड उघडायच्या आतच मामांनी भटजींना सांगितलं, "नारळ पायरीवर फोडा, पाणी तुळशीला." मग कुंकवाचं बोट नळीला न लावता दस्त्याच्या लाकडाला टेकवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "इथे चालतं ना रे?"