गाडी भाच्याने ठोकली, तर क्लेम मिळतो का?

‘इन्शुरन्स माझ्या नावावर आहे, दुसऱ्याने चालवताना ठोकली तर दमडी मिळणार नाही.’ या समजापायी लोक रात्री झोपाळलेल्या डोळ्यांनी स्वतःच गाडी हाणतात, शेजारी टक्क जागा भाचा नुसता बसून.

आपल्याकडे पॉलिसी गाडीची असते. तुमच्या परवानगीने चालवणारा कोणीही, भाचा, मित्र, पगारी ड्रायव्हर, पॉलिसीच्या कक्षेत येतो. अट एवढीच की त्या प्रकारच्या गाडीचं वैध लायसन्स हवं आणि चालवणारा प्यायलेला नको. लर्निंगवाल्यालाही चालतं, पण नियम पाळून: शेजारी पक्कं लायसन्सवाला, गाडीला ‘एल’ची पाटी.

गैरसमजाचं मूळ बहुधा 15 लाखांच्या वैयक्तिक अपघात कवचात आहे. ते खरंच फक्त मालक-चालकाचं असतं. भाच्याला दुखापत झाली तर त्यातून पैसे मिळत नाहीत. इतरांसाठी वेगळं कवच जादा हप्ता भरून घ्यावं लागतं.

हप्ताही सहसा ड्रायव्हरचं वय बघून ठरत नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानभरपाईचा, दर सरकारी, इंजिनाच्या सीसीवर: जून 2022 च्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीला 3,416 रुपये, अधिक कर. गाडीच्या नुकसानीचा भाग तिची किंमत, वय आणि नोंदणीच्या शहरावर; पुणे-मुंबई त्यात महाग गटात.

झळ बसते ती नो क्लेम बोनसला, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीला. ठोकली भाच्याने, तरी पाच वर्षांत 50 टक्क्यांवर नेलेली सवलत जाते मालकाची. म्हणून बारीकसारीक पोच्याला क्लेम टाकण्यापूर्वी गॅरेजवाल्याकडून खर्च विचारून घ्या.