घोडा अडखळला की लगाम सैल सोडा

घोडेस्वारी शिकणाऱ्यांच्या कानावर एक सल्ला हमखास पडतो. घोडा पुढच्या पायात अडखळला की लगाम जोरात खेचायचा आणि त्याचं डोकं वर उचलायचं, म्हणजे तो पडत नाही. बहुतेक वेळा घोडा सावरतोही, त्यामुळे खेचणाऱ्याला वाटतं की आपणच त्याला वाचवलं. शाळेतला न्यूटनचा तिसरा नियम मात्र वेगळं सांगतो. स्वार घोड्याच्या पाठीवरच बसलेला असतो. तो लगाम जेवढ्या जोराने वर ओढतो, तेवढ्याच जोराने त्याचे पाय रिकिबीत आणि बूड खोगिरात दाबलं जातं, म्हणजे तो जोर घोड्याच्याच पाठीवर परत येतो. खुर्चीत बसून खुर्चीसकट स्वतःला उचलायला निघण्यातलाच हा प्रकार. फायदा शून्य, तोटा मात्र खराखुरा.

तोटा मानेचा. पाचशे किलोच्या घोड्याचं डोकं आणि मान मिळून साधारण पन्नास किलो भरतात, आणि हे वजन पुढच्या पायांच्याही पुढे लांबवर असतं. मुळात उभ्या घोड्याचा जवळजवळ साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवरच असतो. पाय चुकला की घोडा मान झटकन खाली-पुढे सोडतो. तेवढ्या क्षणापुरतं मानेचं ओझं खांद्यांवरून उतरतं आणि पाय सोडवायला वाव मिळतो. खूर पुन्हा जमिनीवर टेकला की तीच मान वर-मागे येते आणि तोलही मागे सरकतो. नेमक्या याच वेळी लगाम ताणून धरला, तर सावरण्याचं घोड्याचं मुख्य साधनच आपण बांधून ठेवतो. वर तोंडातल्या कडीचा हिसका बसतो तो वेगळाच.

शिवाय वेळ कुठे असतो? आधार पूर्ण सुटलेली वस्तू 0.1 सेकंदात 5 सेंटिमीटर पडते, 0.2 सेकंदात 20 आणि 0.3 सेकंदात 44. घोड्याचे बाकीचे पाय थोडाफार भार धरतात म्हणून तो याहून सावकाश खाली येतो, पण हिशेब याच घरातला. माणसाला नुसतं काही जाणवून हात हलवायला 0.2 सेकंद लागतात. आपण ‘वाचवायला’ सुरुवात करेपर्यंत निकाल बराचसा लागलेला असतो.

मग घोडा तरी इतक्या झटपट कसा सावरतो? मला या विषयातला सर्वांत मोह पाडणारा भाग हाच वाटतो.

1970च्या दशकात स्वीडनमध्ये हान्स फोर्सबर्ग, स्टेन ग्रिल्नर आणि सर्ज रोसिन्योल यांनी मांजरांवर काही प्रयोग केले. या मांजरांचा मज्जारज्जू पाठीत छेदलेला होता, म्हणजे मेंदूचा एकही हुकूम मागच्या पायांपर्यंत पोचत नव्हता. तरीही सरकत्या पट्ट्यावर त्यांचे मागचे पाय चालत. कारण चालण्याचा ठेका मज्जारज्जूतलीच चेतापेशींची जाळी धरते. प्रयोगकर्त्यांनी पंजाच्या वरच्या बाजूला हलकासा स्पर्श केला. पाय हवेत पुढे जात असताना स्पर्श झाला, तर पाय आणखी दुमडून वर उचलला गेला आणि अडथळा ओलांडून पुढे गेला. पण तोच पाय जमिनीवर टेकून भार पेलत असताना स्पर्श झाला, तर पाय दुमडण्याऐवजी जास्तच ताठ झाला. स्पर्श एकच, जागा एकच, उत्तरं मात्र उलटी! आणि ती शोधायला मेंदू हजरच नव्हता.

यात मोठं शहाणपण आहे. भार असलेला पाय दुमडला तर जनावर तिथेच बसेल; हवेतला पाय ताठ केला तर अडथळ्यात आणखी अडकेल. त्वचेकडून आलेला संदेश मज्जारज्जूतल्या मधल्या चेतापेशींपर्यंत पोचतो तेव्हा त्यांचा कल आधीच ठरलेला असतो. पाऊल उचलण्याच्या टप्प्यात सांधा दुमडणाऱ्या स्नायूंच्या चेतापेशींची वाट मोकळी असते आणि ताणणाऱ्यांची रोखलेली. टेकण्याच्या टप्प्यात नेमकं उलट. थोडक्यात, प्रतिक्षिप्त क्रिया पायाला काय लागलं एवढंच बघत नाही, पाऊल कुठल्या टप्प्यात आहे तेही बघते.

घोड्यावर हा प्रयोग असा कोणी केलेला नाही, पण त्याच्या पायातही असलंच काही चालत असावं याचा एक पुरावा आहे. खुराच्या लगेच वर हलकं, लोंबतं कडं बांधलं की चालताना त्याचा स्पर्श होतो आणि घोडा खूर नेहमीपेक्षा उंच उचलू लागतो. परिणाम पहिल्या काही पावलांत सर्वांत जास्त दिसतो, मग सवय होऊन ओसरतो. गंमत म्हणजे घोड्याच्या पायात गुडघ्याखाली हालचाल घडवणारे मांसल स्नायू जवळपास नसतातच, लांबलचक कंडराच, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्याच असतात. म्हणजे खूर उचलण्याचं काम वर खांद्या-कोपराकडचे स्नायू करतात.

स्वाराने अशा वेळी करायचं ते इतकंच: पाठ सरळ ठेवायची, पुढे झुकायचं नाही, टाचा खाली दाबायच्या आणि हात घोड्याच्या मानेबरोबर पुढे जाऊ द्यायचे. लगाम हातातून सरकू द्यावा, सुटू देऊ नये. घोडा सावरल्यावर चाबूक किंवा शिव्या नकोत. तो मुद्दाम अडखळलेला नसतो, आणि शिक्षेचा संबंध तो अडखळण्याशी लावेलच असंही नाही.

अडखळणं अपशकुन मानणारेही आहेत. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम 1702 साली घोड्यावरून पडला. घोड्याचा पाय चिचुंदरीसारख्या एका बिळखोर प्राण्याने उकरलेल्या मातीत अडखळला होता. राजाचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि काही दिवसांत तो वारला. त्याच्या विरोधकांनी पुढे त्या बिळातल्या प्राण्याच्या नावाने प्याले उंचावले. निदान त्यांना कारण जमिनीत शोधायचं असतं एवढं तरी कळत होतं.

आपणही तिथूनच सुरुवात करावी. चार पावलं साधी चाल चालू द्यावी आणि ठोके एकसारखे पडतात का ते ऐकावं. मग सुरक्षित जागी उतरून चारही खूर उचलून बघावेत. तळव्यातल्या खाचेत खडा अडकलाय का, नाल सैल झालाय का, पुढच्या टाचेवर मागच्या खुराचा घाव बसलाय का? मागच्या बाजूच्या कंडरांवरून हात फिरवून दोन्ही पायांची ऊब ताडून पाहावी. घोडा गुडघ्यांवर पडला असेल तर परत स्वार होऊ नये. सांध्याजवळची जखम लहान दिसली तरी सांध्याच्या आत पोचलेली असू शकते, तिथे पशुवैद्य लगेच हवा. नाहीतर कोणाला तरी सैल दोरीने घोडा सपाट, कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी पळवायला सांगावं. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय पुन्हा चाचपावेत, कारण कंडराची सूज बऱ्याचदा उशिरा दिसते.

वारंवार अडखळणाऱ्या घोड्याचं कारण बऱ्याचदा खुराच्या टोकात सापडतं. टोक लांब वाढलं की टाच उचलल्यानंतर खूर टोकावरून पलटायला वेळ लागतो, पाय उशिरा सुटतो. यावर नालबंद हा उपाय, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. ‘पंधरा दिवसांत खूर भक्कम’ म्हणणाऱ्या पुड्यांवर पैसे घालवू नयेत. खूर महिन्याला सेंटिमीटरभरच वाढतो, वरून निघालेलं खुराचं शिंगासारखं कठीण आवरण टोकाला पोचायला वर्षाच्या आसपास लागतं. नालबंदी ताजी असूनही अडखळणं थांबत नसेल, तर टाचेतलं जुनं दुखणं किंवा मानेतला मज्जारज्जू दबणं तपासावं लागतं. आणि उभ्या उभ्या डुलकी लागून पुढचे पाय लटपटत असतील, खुरांच्या वरच्या सांध्यांवर समोरून खरचटल्याच्या खुणा असतील, तर तो घोडा रात्री आडवाच होत नसेल. घोडा उभ्याने डुलक्या घेतो हे खरं, पण स्वप्नांची गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. अशा वेळी आधी तबेल्यातली जागा आणि शेजारचे घोडे बघावेत.