सारेझचं धरण फुटत का नाही?

‘मध्य आशियातला टाइम बॉम्ब’ अशा थंबनेलचे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात, मागे धडकी भरवणारं म्युझिक, ड्रोनने घेतलेला एक निळाशार तलाव आणि निवेदक सांगतोय की एवढं पाणी एका मातीच्या ढिगाने अडवलंय, कुठल्याही क्षणी फुटेल. तलाव खरा आहे, ढीगही खरा आहे. गंडलंय ते त्यामागचं लॉजिक, म्हणजे पाणी खूप आहे म्हणून फुटणारच हे जे गृहीत धरलंय ते.

हा तलाव म्हणजे सारेझ, ताजिकिस्तानच्या गोर्नो-बदख्शान स्वायत्त प्रांतातला. आधी या प्रांताचं थोडं सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. क्षेत्रफळ साधारण ६४,००० चौरस किमी, म्हणजे देशाचा जवळपास ४५ टक्के भाग, आणि लोकसंख्या देशाच्या जेमतेम दोन-तीन टक्के. सोव्हिएत काळात १९२५ साली हा स्वायत्त प्रांत झाला. राजधानी खोरोग. जिल्हे सात: दरवाझ, वांज, रुशान, शुगनान, रोश्तकला, इश्काशिम आणि मुर्गाब. पश्चिमेकडचे सहा म्हणजे खोल अरुंद खोरी आणि नदीकाठी चिकटलेली गावं, बऱ्याच ठिकाणी समोरच्या काठावर अफगाणिस्तान, मधे पंज नदी, आणि ही सीमा १८९५ साली रशिया आणि ब्रिटनने आपसात ठरवलेली. पूर्वेकडचा मुर्गाब एकटा प्रांताच्या निम्म्याहून मोठा, साडेतीन हजार मीटरवरचं उजाड पठार, सगळा पाऊस पश्चिमेकडचे डोंगर खाऊन टाकतात त्यामुळे मुर्गाब गावात वर्षाला १०० मिमीसुद्धा पडत नाही. तिथे कोणीही नकाशा उघडला की पहिल्यांदा नद्याच बघतो, रस्तेही नदीला धरून, जिल्हेही बरेचसे खोऱ्यांप्रमाणे.

आता १८ फेब्रुवारी १९११ ची रात्र. मोठा भूकंप झाला आणि मुर्गाब नदीच्या खोऱ्यात एक अख्खा डोंगराचा भाग खाली आला, सुमारे २ घन किमी दगड. उसोई नावाचं गाव त्याखाली गाडलं गेलं, नदी अडली, मागे पाणी चढत गेलं आणि सारेझ नावाचं गाव बुडालं. दरडीच्या या ढिगालाच उसोई धरण म्हणतात, त्याची उंची ५६७ मीटर आहे, माणसाने बांधलेलं कुठलंही धरण इतकं उंच नाही. मागचा तलाव ६० किमी लांब, तळ ५०० मीटरच्या आसपास खोल, पाणी सुमारे १७ घन किमी, आपल्या हिशोबात साधारण ६०० टीएमसी, म्हणजे कोयनेच्या पाच-सहा पट.

हा ६०० टीएमसीचा आकडा ऐकूनच लोक घाबरतात, पण गंमत इथेच आहे. भिंतीवरचं पाण्याचं प्रेशर पाणी किती खोल आहे त्यावर ठरतं, तलाव मागे किती लांब पसरलाय याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तलाव ६० किमीचा असो नाहीतर ६ किमीचा, खोली तीच असेल तर भिंतीवर जोर तेवढाच. गणित करून बघू, ढोबळच. खोली ५०० मीटर धरली तर भिंतीच्या दर एक मीटर रुंदीमागे पाणी आडवं ढकलतं ते साधारण सव्वा लाख टनांनी (अर्धा × घनता × खोलीचा वर्ग, शाळेतलंच सूत्र). आता ढिगाचं वजन. तो नदीच्या दिशेने काही किलोमीटर जाड आहे, पायथा ४ किमी आणि आकार त्रिकोणी धरू, घनमीटरला २ टन, म्हणजे त्याच एक मीटर पट्टीचं वजन झालं २२-२३ लाख टन. आतल्या पाण्याने उचल मिळते म्हणून निम्मं सोडून दिलं आणि घर्षणापोटी त्याचंही निम्मं केलं, तरी धरून ठेवणारा जोर साडेपाच लाख टनांच्या पुढे, म्हणजे ढकलणाऱ्याच्या चौपट. तेव्हा ढीग घसरून पुढे जाईल ही भीती सोडा.

दरडीने तयार झालेली धरणं फुटतात ती वेगळ्याच कारणाने आणि बहुतेक वेळा वर्षाच्या आतच. पाणी चढत चढत माथ्यावरून ओसंडायला लागतं, ओसंडताना सुट्या दगडमातीत एक चर पाडतं, चर खोल झाली की जास्त पाणी येतं, जास्त पाण्याने चर अजून खोल, आणि काही तासांत सगळं संपतं. म्हणजे पाणी माथ्यापर्यंत पोचतंय का, एवढाच प्रश्न. सारेझमध्ये ते पोचलंच नाही, कारण उसोई धरण गळतं! दगडांमधल्या फटींतून पाणी झिरपून खाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं, सरासरी सेकंदाला ४५ घनमीटर, म्हणजे वरून नदी जेवढं आणते जवळपास तेवढंच. उन्हाळ्यात हिमनद्या वितळल्या की पातळी काही मीटर चढते, पातळी चढली की प्रेशर वाढतं, प्रेशर वाढलं की गळती वाढते, आणि पातळी परत उतरते. कोणी व्हॉल्व्ह फिरवत नाही की दरवाजे उचलत नाही, तरी माथ्याच्या सगळ्यात खोलगट भागाखाली सुमारे ५० मीटर जागा कायम मोकळी राहते. मला तरी कुठल्याही इंजिनीअरच्या डिझाइनपेक्षा हे भारी वाटतं.

अर्थात गळती चांगली की वाईट हे पाण्याच्या रंगावरून कळतं. गढूळ आलं तर आतून माती वाहून चाललीय, पोकळी होतेय आणि मग धावपळ करायला हवी. उसोईचे झरे स्वच्छ आहेत. ७ डिसेंबर २०१५ ला याच भागात ७.२ रिश्टरचा भूकंप झाला, गावांमध्ये घरं पडली, धरण जागच्या जागी. तरीही दर ग्रहणाला कोणीतरी प्रलयाची तारीख काढतोच, त्या तारखा येऊन जातात आणि त्याबद्दल नंतर कोणी एक अक्षर बोलत नाही.

मग काळजी कशाची? उजव्या काठावरच्या उताराची. तिथला एक मोठा भाग हळूहळू सरकतोय असं मानतात, किती मोठा यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. तो एकदम तलावात कोसळला तर लाट उठेल आणि ती ५० मीटर मोकळ्या जागेवरून पलीकडे जाऊ शकते. इटलीतल्या वायोंत धरणावर ९ ऑक्टोबर १९६३ ला हेच झालं, डोंगर जलाशयात घसरला, लाट भिंतीवरून गेली, सुमारे २००० माणसं गेली आणि काँक्रीटची भिंत मात्र अजून उभी आहे. धरण शाबूत राहूनही माणसं मरू शकतात, हे त्या व्हिडिओवाल्यांच्या डोक्यातच येत नाही.

आणि इथे प्रशासनाचा घोळ सुरू होतो. तलाव मुर्गाब जिल्ह्यात, पण पाणी जाणार ते खालच्या बार्तांग खोऱ्यात, म्हणजे रुशान जिल्ह्यात. धोका एका ऑफिसच्या हद्दीत, गावं दुसऱ्याच्या, आणि निर्णय दूर देशाच्या राजधानीत, दुशान्बेत. म्हणून २००० नंतर जागतिक बँकेच्या मदतीने धरणावर सेन्सर बसवले, सिग्नल उपग्रहामार्फत जातो आणि गावांत भोंगे वाजतात, गावाच्या वर जमायच्या जागाही ठरवून दिल्यात. पहिलं गाव बर्चिदिव, त्याला पळायला सगळ्यात कमी वेळ मिळणार. बोगदा काढून तलावाची पातळीच कायमची खाली आणायची कल्पनाही बऱ्याच वर्षांपासून चर्चेत आहे, वीजही तयार करता येईल म्हणतात, पण बोगद्याची मशिनरी न्यायची कशी, बार्तांगचा रस्ता पुराने आणि दरडींनी सारखा तुटतो आणि बर्चिदिवच्या पुढे धरणापर्यंत एक तर चालत जायचं नाहीतर हेलिकॉप्टरने.