माल उशिरा जातोय? आधी सायकल टाइम आणि लीड टाइम वेगळे करा

रबाळे, महापे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यांत ऑर्डरी वाढल्या आणि डिस्पॅच रखडू लागला की पहिला विचार नव्या मशीनचा होतो. माझ्या मते तो बऱ्याचदा घाईचा ठरतो. सायकल टाइम आणि लीड टाइम यांची गल्लत होते आणि कर्जाचे हप्ते मात्र वर्षानुवर्षं फेडावे लागतात.

मशीनवरून एक नग उतरल्यापासून पुढचा उतरेपर्यंतचा वेळ हा सायकल टाइम. तो स्टॉपवॉचवर मोजतात. ऑर्डर आल्यापासून माल टेम्पोत चढेपर्यंतचा काळ हा लीड टाइम, आणि तो दिवसांत मोजतात, कारण त्यातला मोठा भाग माल नुसता पडून असतो.

समजा, 200 नगांचा लॉट आहे. प्रत्येक नग चार मशीनवरून जातो: टर्निंग 3 मिनिटं, ड्रिलिंग 2, मिलिंग 4, ग्राइंडिंग 3. पूर्ण लॉट झाल्याशिवाय पुढच्या मशीनकडे सरकवायचा नाही, अशी पद्धत असेल तर लागतात 2,400 मिनिटं, म्हणजे 40 तास. आता तोच माल 20-20 नगांच्या ट्रेमधून पुढे सरकवत राहा. पहिला ट्रे 240 मिनिटांत बाहेर, उरलेले नऊ मिलिंगच्या गतीनं दर 80 मिनिटांनी एक: 960 मिनिटांत, म्हणजे 16 तासांत काम संपतं. मशीनं तीच, माणसं तीच, सायकल टाइम एका सेकंदानंही बदललेला नाही! याउलट लाखो रुपये घालून मिलिंग 4 मिनिटांवरून 2 वर आणलं, पण लॉट अख्खाच सरकवला, तर 40 तासांतले जेमतेम पावणेसात वाचतात.

उशिराचं दुसरं कारण शॉपमधली, म्हणजे कारखान्यातली, अर्धवट मालाची गर्दी. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम इथे थेट लागू पडतो: शॉपमध्ये अडकलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल, म्हणजे सरासरी लीड टाइम. आत 1,200 नग आणि रोज 100 बाहेर, तर 12 दिवस. आत 600 ठेवा, रोजचे 100 टिकवा, 6 दिवस. म्हणून जॉब कार्ड (काम सुरू करायची चिठ्ठी) लवकर सोडल्यानं काम लवकर होत नाही, रांग तेवढी वाढते. या रांगेत पैसाही अडकतो. लघुउद्योगांच्या कायद्यातली पेमेंटची 45 दिवसांची कमाल मुदत गिऱ्हाइकानं माल स्वीकारल्यापासून मोजली जाते, त्याआधीचे दिवस तुमच्याच खिशातून जातात.

प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) बाहेर पाठवायचा माल टेम्पो भरेपर्यंत थांबतो, तोही लीड टाइमच.

मग मशीन कधी घ्यायचं? शिफ्टमध्ये प्रत्यक्ष 450 मिनिटं मिळतात आणि मिलिंगला 4 मिनिटं लागतात, तर दिवसाला 112 नगच निघणार. मागणी कायमची 150 वर गेली असेल, तर ट्रे कितीही छोटे करा, उपयोग नाही. तिथे दुसरी शिफ्ट लावा किंवा नवं मशीन घ्या, पण ते मिलिंगचंच. टर्निंग कितीही वेगवान केलं तरी मिलिंगपुढची रांग तेवढी लांबेल.