पाठीतलं पाणी काढल्यानं मूल लुळं पडत नाही

खानापूर, निपाणीकडं अजून कानावर येतं, ‘पाठीत सुई घातली की पोरगं लुळं पडतं.’ रक्ताचा कॅन्सर झालेल्या लेकराचे आईबाप या एका वाक्यापायी पाठीतल्या पाण्याची तपासणी लांबवतात, तेव्हा जीव तुटतो. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्या खाली जाते, तिथं पाण्यात सुटे मज्जातंतू तरंगत असतात. नंतर डोकं दुखू शकतं, बहुधा काही दिवसांत थांबतं.

पाठीतलं हे पाणी मेंदूभोवतीही असतं, आणि रक्त स्वच्छ दिसलं तरी त्यात कॅन्सरच्या पेशी दडलेल्या असू शकतात. रक्तातल्या खुणांवरून हा धोका आधीच ओळखायचं संशोधन चालू आहे, पण सुईची जागा घेणारी रक्ततपासणी अजून नाही. शिवाय त्याच सुईतून मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध देतात, कारण शिरेतली बरीच औषधं तिथवर पुरेशी पोचतच नाहीत.